कागद, टाक आणि समभाग : खानदेशातील घरगुती वारसावस्तूंचे ऐतिहासिक मूल्य (विशेष संदर्भ : अमळनेर)

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी आणि सरकारी दप्तरे यांचा प्रथम विचार होतो. सामान्य कुटुंबाच्या पेटीत, फडताळात किंवा देव्हाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या गेलेल्या वस्तूंना या यादीत क्वचितच स्थान मिळते. वस्तुतः मराठ्यांच्या इतिहासाची फार मोठी साधनसंपत्ती अशा घरगुती ठेवींतूनच बाहेर आली आहे. एखादी वस्तू आजोबांकडून नातवाकडे जाते तेव्हा केवळ मालमत्तेचे हस्तांतर होत नाही. घराण्याची ओळख, हक्क, श्रद्धा आणि नातेसंबंध हेही तिच्याबरोबर पुढे जातात. तथापि अशा सर्वच वस्तू टिकत नाहीत. काही जिवापाड जपल्या जातात, काही आटवल्या जातात, तर काही रद्दीच्या भावाने विकल्या जातात. कोणती वस्तू का टिकली आणि कोणती का नाहीशी झाली, हा प्रश्न भावनेचा वाटत असला तरी तो मूलतः इतिहासाचा प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखात खानदेशातील, विशेषतः अमळनेर व परिसरातील, घरगुती वारसावस्तूंच्या काही प्रकारांचा या दृष्टीने विचार केला आहे. वस्तू आणि तिचे मूल्य या दोन भिन्न गोष्टी असून त्यांचे आयुष्य सारखे नसते, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे. कधी मूल्य संपते व वस्तू उरते. कधी वस्तू नष्ट होते व मूल्य उरते. तर कधी मूल्य संपल्यासारखे वाटत असतानाच बदललेल्या कायद्यामुळे ते पुन्हा प्राप्त होते. या बदलांची नोंद ठेवणे हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे.

अमळनेरची पार्श्वभूमी

तापीची उपनदी असलेल्या बोरी नदीच्या काठी अमळनेर वसलेले आहे. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त होऊन खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे धुळे येथून प्रांताचा कारभार सोपविण्यात आला. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. अमळनेर पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात आले. बोरीच्या पात्रातील संत सखाराम महाराजांची समाधी, वैशाखातील एकादशीचा रथ व पौर्णिमेची पालखी यांमुळे गावाला धार्मिक केंद्राचे महत्त्व होते. विसाव्या शतकात श्रीमंत प्रतापशेठ यांच्या उद्योगाने व दातृत्वाने त्याला गिरणी, १९१६ मध्ये स्थापन झालेले तत्त्वज्ञान मंदिर आणि पुढे १९४५ मध्ये महाविद्यालय लाभले. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात येथील शाळेत अध्यापन केले. १९५२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे भरले.

शेती, वारकरी परंपरा, गिरणी, शिक्षण आणि कारखानदारी असे जीवनाचे अनेक थर एकाच गावात आढळत असल्यामुळे येथील घरांमधील ठेवीही एका प्रकारच्या नाहीत. जुन्या वाड्यातील मोडी कागद, शेतकऱ्याच्या घरातील देवाचे टाक आणि व्यापाऱ्याच्या तिजोरीतील समभागपत्रे या तिन्ही ठेवी एकाच गल्लीत सापडू शकतात.

दप्तरे : मूल्य संपले, कागद उरले

मराठेशाहीत व त्यानंतरही वतनदार घराण्यांची सर्वांत मोलाची ठेव म्हणजे त्यांचे कागद होत. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांच्या घरी सनदा, महजर, निवाडे, ताकीदपत्रे, हिशेब व वंशावळी यांचे रुमाल बांधून ठेवलेले असत. हे जतन केवळ पूर्वजांविषयीच्या आदरातून होत नव्हते. वतनाचा तंटा उभा राहिला की हेच कागद गोतसभेपुढे किंवा सरकारपुढे मांडावे लागत. कागद हा हक्काचा पुरावा होता. म्हणून तो सोन्याबरोबर एकाच पेटीत राहत असे.

इंग्रजी अमलात या पुराव्याची निकड वाढली. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला मुंबई इलाख्यातील इनामांच्या चौकशीचे व्यापक अधिकार मिळाले आणि सनद दाखवू न शकणाऱ्या अनेक घराण्यांची इनामे धोक्यात आली. १८६३ च्या सरसकट तडजोडीच्या कायद्याने दख्खन, खानदेश व दक्षिण मराठा मुलखातील इनामांचा प्रश्न बहुतांशी मिटविला. १८७४ च्या वतन कायद्याने वंशपरंपरागत हुद्द्यांचे नियमन केले. या साऱ्या काळात घरातील जुन्या कागदांना किंमत होती आणि त्यामुळे ते टिकले.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, व्यक्तिगत इनामे १९५२ च्या कायद्याने, कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने रद्द झाली. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हे कायदे आवश्यक होते, यात शंका नाही. परंतु त्यांचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की शेकडो वर्षे जपलेल्या कागदांचे कायदेशीर प्रयोजन अवघ्या बारा-तेरा वर्षांत संपले. त्याच सुमारास शाळांतून मोडीचे शिक्षणही बंद झाले. हक्क गेला आणि वाचणाराही गेला. धाब्याच्या घरात पावसाळी गळतीने भिजलेले, वाळवीने पोखरलेले हे रुमाल नव्या पिढीच्या दृष्टीने अडगळ ठरले.

हे घडणार, याची जाणीव ज्यांना फार आधी झाली त्यांत इतिहासाचार्य वि. का. राजवाडे हे अग्रगण्य होत. १८९८ पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड प्रसिद्ध केले. त्यांतील साहित्य मुख्यतः घराण्यांच्या खासगी दप्तरांतून मिळविलेले आहे. गावोगाव पायपीट करावी, वाड्याच्या मालकाची मनधरणी करावी, माळ्यावरील गाठोडी खाली काढावीत आणि धुळीतून कागद निवडावेत, ही त्यांची पद्धत होती. मालकाची शंका अगदीच निराधार नसे. कागद बाहेर गेला की हक्क जातो, हा पिढ्यांचा अनुभव त्यामागे होता. ३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाडे यांचे धुळे येथे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली. त्यांनी मागे ठेवलेली टिपणे हीच मंडळाची पहिली ठेव होती. त्यांच्या धातुकोशाचे संपादन पुढे कृ. पां. कुलकर्णी यांनी केले. हेच कुलकर्णी १९५२ च्या अमळनेर संमेलनाचे अध्यक्ष होते.

धुळ्यातच समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून आणि घराघरांतून रामदासी वाङ्मयाची हस्तलिखिते मिळविली. समर्थ वाग्देवता मंदिरातील या संग्रहात समर्थ रामदासांच्या हस्ताक्षरातील वाल्मीकि रामायणाची प्रत आहे. पोथी घरात असते तोवर ती पूजेची वस्तू असते. सोवळ्यात बासन सोडले जाते, हळद-कुंकू वाहिले जाते, परंतु पोथीचे पान क्वचित उलटले जाते. संग्रहालयात आली की ती वाचनाची वस्तू होते. या स्थित्यंतरात काही मिळते तसे काही गमावलेही जाते. पोथी कोणत्या घरात, कोणत्या देवाजवळ, कोणत्या दिवशी उघडली जात होती, ही माहिती बहुधा नोंदवहीत येत नाही.

देव्हारा : किंमत नाही, म्हणून टिकाऊ

बाजारात ज्यांना किंमत नाही अशा वस्तू सर्वाधिक टिकाव धरतात, हे वरवर विसंगत वाटणारे सत्य देव्हाऱ्यात प्रत्ययास येते. कुलदैवताचे टाक हे त्याचे ठळक उदाहरण. चांदीच्या किंवा पितळेच्या लहान पत्र्यावर उठविलेल्या या देवप्रतिमा घराण्याच्या कुळाचाराचा गाभा असतात. त्यांतील धातूचे वजन अल्प असते. परंतु घरावर कितीही मोठे संकट आले तरी टाक सहसा गहाण पडत नाहीत. भाऊ वेगळे होतात तेव्हा शेत, घर, बैल, भांडी यांची वाटणी होते. देव मात्र वाटले जात नाहीत. अनेक घराण्यांत ते थोरल्याकडे राहतात आणि कुळधर्माच्या दिवशी धाकटी घरे तेथे जमतात. म्हणजे जी वस्तू विभागता येत नाही तीच विभागलेल्या कुटुंबाला वर्षातून एकदा एकत्र आणते.

खानदेशचे याहून वैशिष्ट्यपूर्ण उदाहरण म्हणजे कानबाईचे नारळ. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाईची स्थापना होते. अनेक घराण्यांत ही स्थापना दरवर्षी नव्या नारळावर न करता पूर्वापार चालत आलेल्या नारळावर केली जाते. त्याला दागिने, नथ व वस्त्र घालून देवीचे रूप दिले जाते आणि रात्र जागविली जाते. दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर नेल्यानंतर हे जुने नारळ पुन्हा घरी आणून जपून ठेवले जाते. या निमित्ताने होणाऱ्या रोटांसाठी कित्येक घरांत घरातील पुरुषांच्या संख्येनुसार मुठीने गहू मोजून घेतात आणि तो प्रसाद भाऊबंदांतच खातात. रोजगारासाठी सुरत, मुंबई, पुणे येथे गेलेली माणसे या दिवशी गावी परततात.

ऐतिहासिक दृष्टीने पाहता या नारळाचे स्वरूप जिवंत वंशावळीसारखे आहे. रोट कोणी खायचे हा प्रश्न वस्तुतः भाऊबंद कोण, या प्रश्नाचेच दुसरे रूप आहे. मुठीमुठीने मोजले जाणारे गहू ही एक प्रकारची कुटुंबगणना आहे. मात्र ही गणना पुरुषांची आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. रोट करणारे हात स्त्रियांचे असले तरी त्यांच्या नावाची मूठ त्यात नसते.

सोने : दागिना आटतो, धातू उरतो

जळगाव ही सुवर्णनगरी म्हणून प्रसिद्ध आहे आणि खानदेशातील शेतकरी कुटुंबाची बचत दीर्घकाळ सोन्यातच राहिली आहे. कापसाचे चांगले वर्ष गेले की सोने घ्यावे आणि दुष्काळात ते मोडावे, हे येथील अर्थव्यवहाराचे जुने चक्र आहे. त्यामुळे ‘आजीचा दागिना’ असे ज्याला म्हटले जाते तो बहुधा आजीच्या दागिन्याचे सोने असतो, तो दागिना नव्हे. पुतळ्यांची माळ मोडून पाटल्या होतात, पाटल्या मोडून मुलीच्या लग्नातील हार होतो. धातू तीन पिढ्यांचा, घडण मात्र कालची. कारागिरीच्या इतिहासाच्या दृष्टीने ही मोठी हानी आहे. कुटुंबाच्या दृष्टीने मात्र वारसा अखंड असतो.

या व्यवहारातही राज्यसंस्थेचा हस्तक्षेप झाला. १९६२ च्या चीन युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण नियम लागू झाले व नव्या दागिन्यांच्या शुद्धतेवर चौदा कॅरटची मर्यादा घालण्यात आली. ती पुढे शिथिल झाली, तरी १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याचा अंमल १९९० पर्यंत राहिला.

सोन्याचा विचार स्त्रीधनापासून वेगळा करता येत नाही. जमीन, घर व वतन मुलाकडे. मुलीकडे काय ते लग्नातील दागिने आणि भांडी, अशी वारशाची प्रत्यक्ष विभागणी होती. १९३७ च्या कायद्याने विधवेला मर्यादित हक्क दिला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीच्या मालमत्तेला पूर्ण मालकीचे स्वरूप दिले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना सहदायिकीचा हक्क दिला आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो सर्व मुलींना मिळाला. कायद्याचा हा प्रवास लक्षात घेतला म्हणजे जुन्या घरांतील ठेवींचे लिंगभेदात्मक स्वरूप स्पष्ट होते. पुरुषांची ठेव कागदावर लिहिलेली, म्हणून इतिहासात नोंदली गेली. स्त्रियांची ठेव अंगावर घातलेली, म्हणून आटली गेली.

बहिणाबाईंची ठेव : एक अपवाद

या नियमाला खानदेशातच एक लक्षणीय अपवाद आहे. असोदे येथे १८८० मध्ये जन्मलेल्या आणि जळगावच्या चौधरी घराण्यात सून म्हणून आलेल्या बहिणाबाई निरक्षर होत्या. शेतात व घरात काम करता करता त्या ओव्या रचीत. त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी व एक आप्त पितांबर चौधरी यांनी त्यांतील काही टिपून ठेवल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाले. त्यानंतर सोपानदेवांनी ही गाणी आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. जे टिपले गेले तेवढेच उरले. उरलेले त्यांच्याबरोबर गेले. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

जुन्या जळगावातील चौधरी वाड्यात बहिणाबाईंच्या वापरातील वस्तू, शेतीची अवजारे व स्वयंपाकघरातील भांडी, जतन करून ठेवली आहेत. या वस्तू तत्कालीन कोणत्याही शेतकरी घरातल्यासारख्याच आहेत. पिठाच्या गिरण्या आल्यावर खानदेशातील असंख्य जाती अंगणात पालथी पडली, पायरीला लागली किंवा फुटून गेली. चौधरी वाड्यातील वस्तू मात्र दर्शनीय ठरल्या, याचे कारण वस्तूंत नसून वहीत आहे. एका मुलाने आईचे शब्द टिपले म्हणून आईची भांडी वारसा झाली. ज्या आईचे शब्द कोणी टिपले नाहीत तिची भांडी मोडीत गेली. वस्तूला इतिहासात स्थान मिळण्यासाठी तिच्याविषयीचे निवेदन तिच्यासोबत असावे लागते, हा येथील बोध आहे.

अमळनेरचे समभाग : वस्तू गेली, मूल्य राहिले

अमळनेरच्या घरगुती ठेवींतील सर्वांत आगळा प्रकार विसाव्या शतकाच्या मध्यावर अवतरला. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन केली आणि वनस्पती तुपाचा कारखाना अमळनेर येथे उभारला. शेंगदाण्याच्या पट्ट्यातील या गावाला तो सोयीचा होता. वनस्पती तूप व त्याबरोबर कपडे धुण्याचा साबण अशी तिची उत्पादने होती. लवकरच कंपनीचे शंभर रुपये दर्शनी किमतीचे समभाग लोकांसाठी खुले झाले आणि काही समभाग अमळनेर व परिसरातील घरांत पोहोचले. ऑगस्ट १९६६ मध्ये संस्थापकांच्या निधनानंतर एकविसाव्या वर्षी अझीम प्रेमजी यांनी सूत्रे हाती घेतली. १९७७ व १९८२ मध्ये नाव बदलत कंपनी ‘विप्रो लिमिटेड’ झाली आणि तिने संगणक व्यवसायात पदार्पण केले.

यापुढचे गणित आता सर्वपरिचित आहे. १९८१ च्या बक्षीस समभागापूर्वी शंभर रुपये दर्शनी किमतीचा एक समभाग घरात होता आणि तो कधीच विकला नाही, असे मानू. १९८१ व १९८५ मध्ये एकास एक बक्षीस मिळून त्याचे चार झाले. १९८६ च्या विभाजनाने चाळीस. १९८७, १९८९, १९९२ व १९९५ या चार बक्षिसांनी सहाशे चाळीस. १९९७ मध्ये एकास दोन मिळून एक हजार नऊशे वीस. १९९९ च्या विभाजनाने नऊ हजार सहाशे. २००४, २००५ व २०१० च्या बक्षिसांनंतर ही संख्या ९६,००० झाली आणि २०१७, २०१९ व २०२४ च्या बक्षिसांनंतर ती ५,१२,००० वर पोहोचली. २०१३ मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंचा व्यवसाय वेगळा करण्यात आला, त्या वेळी भागधारकांना दिलेल्या पर्यायांचा हिशेब यात धरलेला नाही.

या आकड्यांवरून अमळनेर हे ‘कोट्यधीशांचे गाव’ म्हणून वृत्तपत्रांतून गाजले. त्या प्रसिद्धीमागील ऐतिहासिक आशय मात्र निराळा आहे. १९७० च्या दशकापर्यंत हे कागद वतनाच्या सनदेइतके प्रतिष्ठेचे नव्हते, सोन्याइतके विश्वासाचे नव्हते आणि टाकांइतके पवित्रही नव्हते. त्यांच्यामागे परंपरेचा आधार नव्हता. अडचणीच्या वेळी प्रथम विकावी अशीच ही वस्तू होती. जेथे ते टिकले तेथे काही ठिकाणी दूरदृष्टीने आणि काही ठिकाणी निव्वळ विस्मरणाने टिकले, असे मानण्यास जागा आहे. वारसा हा नेहमीच जाणीवपूर्वक केलेल्या जतनाचा परिणाम नसतो. पेटीच्या तळाशी पडून राहणे हेही जतनाचे एक साधन आहे.

समभागांचा वारसा अन्य वारशांपेक्षा आणखी एका बाबतीत वेगळा ठरतो. १९९६ च्या निक्षेपागार कायद्यानंतर समभाग इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवण्याची सोय झाली. त्यासाठी मूळ प्रमाणपत्र जमा करावे लागते, म्हणजे ते घरातून कायमचे जाते. १ एप्रिल २०१९ पासून कागदी समभागांचे सामान्य हस्तांतर बंद झाले. वारसाहक्काने होणारे संक्रमण तेवढे मोकळे राहिले. सलग सात वर्षे लाभांश न घेतलेले समभाग २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. वारसांना पुरावे देऊन ते परत मागता येतात. तेव्हा आजोबांच्या नावाचे जुने प्रमाणपत्र सापडल्यास मृत्यूचा दाखला, वारस प्रमाणपत्र, नावातील फरकाचे प्रतिज्ञापत्र अशी कागदांची नवी साखळी उभी करावी लागते. अमळनेरची ही सर्वांत मूल्यवान ठेव आज हाताला लागत नाही. ती खात्यातील एक आकडा आहे. शंभर वर्षांनंतरच्या अभ्यासकाला या वारशाचा एकही मूळ कागद गावात मिळाला नाही, तर नवल वाटू नये.

दाखला : मूल्याचे पुनरागमन

सामान्य घरातील ज्या कागदाला पूर्वी वारसा मानले जात नव्हते त्याला अलीकडे वेगळेच महत्त्व आले आहे. हा कागद म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा किंवा जुना सात-बारा. सप्टेंबर १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील प्रकरणात जातपडताळणीची कार्यपद्धती घालून दिली आणि महाराष्ट्राचा यासंबंधीचा कायदा १८ ऑक्टोबर २००१ पासून अमलात आला. या कायद्यानुसार दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १९६७ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आत्मीयता चाचणी ही निर्णायक कसोटी नसल्याचे स्पष्ट केले आणि संविधानपूर्व कागदपत्रांचे पुराव्यादाखल मूल्य अधोरेखित केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामामुळे कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी जाणकारांना अकस्मात मागणी आली. १९५० नंतर अडगळ ठरलेली लिपी व कागद सत्तर वर्षांनी पुन्हा हक्काचे साधन झाले.

या घटनेतील विषमता दुर्लक्षिण्यासारखी नाही. ज्या घरात वतन होते तेथे कागद होते. ज्या घरातील आजोबा शाळेत गेले त्या घरात दाखला आहे. परंतु सातपुड्याच्या पायथ्याचा आदिवासी, हंगामागणिक स्थलांतर करणारा शेतमजूर, पालावर राहणारे भटके कुटुंब यांच्याकडे पेटीच नव्हती. मग पेटीतला कागद कोठून येणार? ज्यांच्यासाठी पुराव्याची सर्वाधिक गरज त्यांच्याचकडे तो सर्वांत कमी, अशी ही स्थिती आहे. घरगुती वारशाचा इतिहास लिहिताना ज्यांना वारसा मिळाला नाही त्यांचा विचार केल्यावाचून तो पूर्ण होत नाही. खानदेशातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचा व प्रवेशाचा प्रश्न याच कागदाशी निगडित असल्याने, ही बाब केवळ सैद्धान्तिक नाही.

जतनाचा प्रश्न आणि महाविद्यालयांची भूमिका

पुरातन वस्तूंविषयीचा १९७२ चा कायदा शंभर वर्षांपूर्वीच्या कलावस्तूंना आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक वा वाङ्मयीन महत्त्वाच्या हस्तलिखितांना संरक्षण देतो. २००३ मध्ये राष्ट्रीय हस्तलिखित अभियान सुरू झाले. तथापि दाखला, वाटणीपत्र, लग्नातील भांड्यांची यादी, दुकानाची चोपडी, कानबाईचे नारळ हे सारे या चौकटींबाहेर राहते. त्यांची नोंद स्थानिक पातळीवरच होऊ शकते.

राजवाडे यांच्या काळात कागद मिळविणे म्हणजे तो घरातून नेणे होते. आज त्याची आवश्यकता नाही. कागदाचे किंवा वस्तूचे छायाचित्र घ्यावे, मालकाच्या संमतीने तिची नोंद करावी आणि मूळ वस्तू घरातच राहू द्यावी, ही पद्धत अधिक न्याय्य आहे. या नोंदीत वस्तूचे वर्णन पुरेसे नाही. ती कोणाकडून कोणाकडे आली, कोणत्या वाटणीत कोणाच्या वाट्यास गेली, कोणत्या प्रसंगी ती बाहेर काढली जाते, घरातील स्त्रिया तिच्याविषयी काय सांगतात, हे त्याच भाषेत, अहिराणीत असल्यास अहिराणीतच, टिपले पाहिजे. इतिहास विभागाने मोडीचे वर्ग, मराठी विभागाने निवेदनांचे संकलन, वाणिज्य विभागाने चोपड्या व समभागांचा अभ्यास आणि समाजशास्त्र विभागाने कुळाचारांची नोंद असे काम वाटून घेतल्यास एका तालुक्याचा दस्तऐवज काही वर्षांत उभा राहू शकेल. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या घरातील केवळ एका वस्तूची नोंद आणली तरी त्याचा आरंभ होतो.

निष्कर्ष

खानदेशातील घरगुती ठेवींच्या विवेचनातून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की वस्तूचे जतन मुख्यतः तिच्या पुराव्याच्या, विधीच्या किंवा किमतीच्या बळावर होते आणि हे बळ बहुतांशी राज्यसंस्था, बाजार व कुटुंबरचना ठरवितात. दुसरी अशी की वस्तू व मूल्य यांची आयुष्ये भिन्न असतात : दप्तरात मूल्य संपून कागद उरला, सोन्यात घडण जाऊन धातू उरला, समभागात कागद जाऊन मूल्य उरले, तर कानबाईच्या नारळाला बाजारमूल्य कधीच नसल्याने ते निर्धास्त राहिले. तिसरी अशी की आज निरुपयोगी वाटणारा कागद उद्या कोणाच्या तरी हक्काचा आधार होऊ शकतो. म्हणून तो टाकून देण्याचा निर्णय एका पिढीने एकटीने घेण्याजोगा नाही.

चौथी बाब सर्वांत महत्त्वाची आहे. वारसा सर्वांना सारखा मिळालेला नाही. वतनदारांचे रुमाल राजवाड्यांनी वाचविले. बहिणाबाईंची ओवी त्यांच्या मुलाने वाचविली. बहुसंख्य घरांचा इतिहास मात्र सांगणाऱ्या माणसाबरोबरच संपतो आहे. ज्या घरात जपण्याजोगी वस्तू नाही तेथेही वृद्ध माणसाची आठवण असते. ती टिपून घेण्याची वेळ हातातून निसटत आहे. अमळनेरच्या एखाद्या जुन्या घराची पेटी उघडताना प्रथम तिच्यातील वस्तूंकडे लक्ष जाते. परंतु त्या वस्तू कोणाच्या, हे सांगू शकणारे माणूस शेजारीच ओट्यावर बसलेले असते. अभ्यासाचा प्रारंभ तेथून झाला पाहिजे.